चित्राच्या पाठीमागचे कागद

गेल्या अंकात मी अमेरिकेतल्या सुरुवातीच्या चित्रकारांची पत्रं, हिशेबाच्या वह्या आणि लिलावाच्या याद्या कशा जपल्या गेल्या, त्याबद्दल लिहिलं होतं. सोबत गिल्बर्ट स्टुअर्टच्या एका चित्राचा फोटो होता. त्या लेखावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. त्यातल्या काहींना इथे उत्तरं देते. नव्या वाचकांसाठी सांगते, मी मुंबईत एका संग्रहालयाच्या नोंदणी विभागात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर अमळनेरला माहेरच्या घरी राहायला आले.

प्रश्न : ताई, आमच्या भुसावळच्या घरात एका गोऱ्या माणसाचं चित्र आहे. पांढरे केस, काळा कोट, गळ्याशी पांढरी लेस. खाली आणि बाजूला नुसता तपकिरी रंग. आजोबा रेल्वेत होते. साहेब लोक देश सोडून गेले तेव्हा बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला, त्यात त्यांनी ते घेतलं. आई अजून विचारते, "हाऊ कोन शे?" तुमच्या लेखातला फोटो पाहून मी चमकलोच. हे स्टुअर्टचं अस्सल चित्र असेल का? पुण्याचे एक गृहस्थ विकत घ्यायला तयार आहेत. फोटो पाठवतो आहे.
— एक सेवानिवृत्त गार्ड, भुसावळ

उत्तर : दादा, आईंना आधी सांगा, हा जॉर्ज वॉशिंग्टन, अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष. त्यांच्या एक डॉलरच्या नोटेवर असतो तोच चेहरा.

मूळ चित्र स्टुअर्टने १७९६ मध्ये काढलं आणि मुद्दाम अर्धवट ठेवलं. पूर्ण केलं असतं तर गिऱ्हाइकाला द्यावं लागलं असतं. ते स्वतःकडे ठेवून त्याने त्यावरून साठाहून जास्त प्रती काढल्या आणि शंभर-शंभर डॉलरला विकल्या. १८२८ मध्ये तो वारला, तेव्हाही मूळ चित्र त्याच्याकडेच होतं. १८३१ मध्ये ते बॉस्टन अथेनियम या संस्थेने घेतलं. आज वॉशिंग्टन शहरातली नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी आणि बॉस्टनचं ललित कला संग्रहालय यांची त्यावर सामाईक मालकी आहे. म्हणजे मूळ चित्र तुमच्या भिंतीवर असणं शक्य नाही. त्याच्या हातची प्रत असू शकेल का, एवढाच प्रश्न उरतो.

वॉशिंग्टनची चित्रं आशियात फार लवकर फिरू लागली होती. फिलाडेल्फियाचा एक जहाजाचा कप्तान स्टुअर्टकडून एक प्रत घेऊन चीनला गेला आणि कँटन बंदरातल्या कारागिरांकडून तिच्यावरून काचेवर उलट्या बाजूने रंगवलेली ढीगभर चित्रं करून आणली. स्टुअर्टने १८०२ मध्ये कोर्टात जाऊन त्यांची विक्री थांबवली. तो दावा दाखल झाला म्हणून ही हकिगत आपल्याला कळते. आणि १८०१ मध्ये अमेरिकन व्यापाऱ्यांनी कलकत्त्याचे धनाढ्य दलाल रामदुलाल दे यांना वॉशिंग्टनचं मोठं चित्र भेट दिलं होतं. ते विनस्टॅन्ली नावाच्या चित्रकाराने केलेलं. आज ते अमेरिकेत वॉशिंग्टन अँड ली विद्यापीठाकडे आहे. तेव्हा भारतात असं चित्र सापडूच शकत नाही, असं मी म्हणणार नाही.

पण तुमच्या फोटोवरून माझं मत छापील चित्राकडे झुकतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दगडी छपाईवर एकावर एक रंग चढवून, वर वार्निश मारून, कॅनव्हासची वीण कागदावर दाबून उठवून अशी चित्रं निघत. आपल्याकडे रविवर्म्याच्या छापखान्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर होत्या, त्याच जातीची ही चित्रं. खात्री तुम्हालाच करता येईल. घड्याळजीकडचं भिंग आणा आणि उन्हात गालाचा भाग बघा. रंगाचे बारीक ठिपके वेगवेगळे दिसले तर ते छापील आहे. मग चित्र भिंतीवरून उतरवून मागची बाजू बघा. पुढची वीण आणि मागची वीण जुळत नसेल, किंवा मागे कापडच नसेल, तर विषय संपला. ओल्या फडक्याने पुसू नका, लिंबू-बटाटा काही लावू नका.

मागची बाजू आणखी एका कारणासाठी बघा. फोटोत चौकटीवर फाटलेल्या चिठ्ठीचा तुकडा दिसतो आणि त्यावर आकडे आहेत. तो खरवडू नका. लिलावगृहं चौकटीवर आपले नंबर टाकत, चौकट करणारा आपली चिठ्ठी डकवत असे आणि कॅनव्हास विकणारा आपला शिक्का मारत असे. लंडनच्या क्रिस्टीज या लिलावगृहाचे काळ्या शाईतले नंबर पाहून शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या विक्रीची तारीख शोधता येते, कारण त्यांच्या वह्या शिल्लक आहेत. माझे वडील तलाठी होते. शेत कोणाचं हे ते बांधावर उभं राहून कधी सांगत नसत. फेरफाराची वही उघडत, कोणाकडून कोणाकडे, कोणत्या साली, कशाने, खरेदीने की वारसाने, ते बघत आणि मग बोलत. चित्राचंही तेच आहे. एका हातातून दुसऱ्या हातात कसं गेलं याची साखळी मिळाली, तरच ते कोणाचं यावर बोलता येतं. तुमच्याकडे त्या साखळीतली एक कडी आहे, आजोबांचा लिलाव. त्याची पावती, सामानाची यादी, आजोबांच्या डायरीतली एखादी ओळ घरात असेल तर शोधा. आईंना काय आठवतं ते आजच, त्यांच्याच शब्दांत लिहून काढा आणि खाली तारीख घाला.

पुण्याच्या गृहस्थांना सध्या थांबायला सांगा. आणि शंभर वर्षांहून जुनं चित्र १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं, खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. छापील निघालं तरीही ते टाकून देऊ नका. तुमच्या आजोबांनी भुसावळच्या एका बंगल्यातून ते घरी आणलं, ही गोष्ट खरीच राहते.

प्रश्न : मी कला शाखेत शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी जुन्या अमेरिकन चित्रकारांचा विषय घ्यायचा आहे, पण इथे पुस्तकं नाहीत. अमळनेरला बसून हे शक्य आहे का? आणि ज्यांची नावंच माहीत नाहीत अशा चित्रकारांचा शोध कसा लागतो?
— एक विद्यार्थिनी, अमळनेर

उत्तर : बाळा, आज हे शक्य आहे. मी नोकरीला लागले तेव्हा नव्हतं. अमेरिकन कलेची दप्तरं गोळा करणारी मोठी संस्था म्हणजे आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्ट. १९५४ मध्ये डेट्रॉईट शहरात ती सुरू झाली. तिथल्या संग्रहालयाचे संचालक रिचर्डसन आणि फ्लाइशमन नावाचे एक तरुण संग्राहक, या दोघांना दिसलं की चित्रकारांचे कागद गावोगावच्या ग्रंथालयांत आणि माळ्यांवर विखुरले आहेत आणि अभ्यासकाला एकेका पत्रासाठी हजारो मैल फिरावं लागतं. त्यांनी कागद मागितले नाहीत. जिथे होते तिथे जाऊन त्यांची मायक्रोफिल्म काढली. सुरुवात फिलाडेल्फियापासून केली. १९७० मध्ये संस्था स्मिथसोनियन या अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालय-संस्थेत सामील झाली. आज तिच्याकडे दोन कोटींहून अधिक कागद आहेत आणि अनेक संग्रह पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत इंटरनेटवर मोफत वाचता येतात. त्याच स्मिथसोनियनच्या अमेरिकन कला संग्रहालयाने १९१४ पूर्वीच्या अमेरिकन चित्रांची देशभराची सूची केली आहे. तीही मोफत आहे. १८७७ पूर्वीच्या प्रदर्शनांच्या छापील याद्यांची सूची वेगळी आहे, ती तुला सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.

शोधताना चित्रकाराच्या नावावर अडून बसू नकोस. नावांची स्पेलिंगं पक्की नव्हती. चित्रात बसलेल्या माणसाचं नाव टाक, गावाचं टाक, ज्या घराण्यात चित्र होतं त्याचं टाक.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नासाठी जोशुआ जॉन्सनची हकिगत सांगते. ती सांगताना मला दर वेळी भरून येतं. बाल्टिमोरमध्ये १८०० च्या आसपास एक चित्रकार व्यापाऱ्यांची, कप्तानांची, त्यांच्या बायकामुलांची चित्रं काढत होता. पातळ रंग, ताठ बसलेली माणसं, पितळी खिळ्यांच्या खुर्च्या. त्याच्या नावावर आज ऐंशीच्या आसपास चित्रं धरली जातात आणि सही फक्त एकावर आहे. शंभरेक वर्षं तो कोणाला ठाऊकच नव्हता. १९३९ मध्ये प्लेझंट्स नावाच्या एका डॉक्टरांनी, ज्यांना घराण्यांच्या वंशावळी जुळवायचा नाद होता, एकाच हातची चित्रं ओळखून वेगळी काढली आणि त्या हाताला नाव दिलं. घराण्यांत तोंडी चालत आलं होतं की हा चित्रकार कृष्णवर्णीय होता. पण तोंडी गोष्टीवर वाद घालता येतो आणि तो अनेक वर्षं घातला गेला.

कागद काय सांगत होते? १७९८ च्या डिसेंबरात बाल्टिमोरच्या वर्तमानपत्रात त्याची जाहिरात आहे. त्यात तो म्हणतो की आपण स्वतःच शिकलो, निसर्ग आणि कष्ट हेच आपले गुरू, आणि वाटेत मोठे अडथळे आले. कोणते अडथळे, ते त्याने लिहिलं नाही. शहराच्या रहिवाशांच्या १८१६ च्या यादीत त्याचं नाव 'मुक्त कृष्णवर्णीय घरमालक' या भागात आहे. मग १९९० च्या दशकात मेरीलँडच्या इतिहास संस्थेत कोर्टाची जुनी बाडं चाळताना दोन नोंदी सापडल्या. एक १७६४ च्या खरेदीखताची : जॉर्ज जॉन्सन नावाच्या गोऱ्या माणसाने जोशुआ नावाचं मूल विकत घेतलं. दुसरी १७८२ ची : त्याच माणसाने तो आपला मुलगा असल्याचं कबूल केलं आणि लोहारकाम शिकून झाल्यावर किंवा एकविसाव्या वर्षी त्याला मुक्त करायचं लिहून दिलं. बापाने पोटच्या मुलाला विकत घेतल्याचा कागद! जनावरांच्या आणि सामानसुमानाच्या खरेदीविक्रीचे व्यवहार ज्या बाडात नोंदले जात, त्याच बाडात तो होता. त्या कारकुनाने आपलं रोजचं काम केलं. त्याच्या अक्षरामुळे दोनशे वर्षांनी अमेरिकेला आपला पहिला नामवंत कृष्णवर्णीय चित्रकार नीट ओळखता आला.

म्हणून तुला सांगते, प्रकल्पात मोठी नावं घेऊ नकोस. एक चित्र घे आणि त्याचे सगळे कागद शोध. मार्गदर्शक सर तयार होत नसतील तर हे पान त्यांना दाखव.

प्रश्न : लिलावात अमुक कोटींना चित्र गेलं असं पेपरात येतं. ती किंमत खरी असते का?
— एक सराफ, जळगाव

उत्तर : भाऊ, तुम्ही व्यापारी, तेव्हा थोडक्यात सांगते. हातोडा पडतो तो आकडा वेगळा आणि घेणाऱ्याने लिलावगृहाचं कमिशन धरून दिलेला आकडा वेगळा. पेपरात बहुधा दुसरा येतो. यादीत छापलेली किंमत हा नुसता अंदाज असतो. विकणाऱ्याने ठरवलेल्या गुप्त किमतीपर्यंत बोली चढली नाही तर चित्र परत जातं, आणि 'विकलं नाही' हे यादीवरून कळत नाही. त्यासाठी निकालाचा वेगळा कागद लागतो. म्हणून जुन्या यादीच्या समासात कोणीतरी पेन्सिलीने लिहिलेले आकडे असले तर ती प्रत अभ्यासकाला कोऱ्या प्रतीपेक्षा मोलाची.

एक उदाहरण देते. फ्रेडरिक चर्चचं 'हिमनग' हे प्रचंड चित्र १८६१ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला मांडलं गेलं, यादवी युद्ध सुरू होऊन जेमतेम दोन आठवडेही झाले नव्हते. याच युद्धाने पुढे आपल्या खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आणला, पण चर्चच्या चित्राला तिथे गिऱ्हाईक मिळालं नाही. ते इंग्लंडला गेलं आणि एडवर्ड वॉटकिन या रेल्वेसम्राटाने घेतलं. पुढे ते कुठे गेलं हे अभ्यासकांना ठाऊक नव्हतं. १९७९ मध्ये ते मँचेस्टरजवळ वॉटकिन यांच्याच जुन्या घरात सापडलं. त्या घरात तेव्हा मुलांचं सुधारगृह होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या लिलावात ते पंचवीस लाख डॉलरला गेलं, अमेरिकन चित्राला तोवर लिलावात मिळालेली सर्वात मोठी किंमत. चित्र तेच होतं, भिंतही त्याच घराची होती.

प्रश्न : आमच्या चाळीसगावात छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आणि संग्रहालय आहे. पाहुणे आले की आम्ही अभिमानाने दाखवतो. एकट्या माणसाने उभं केलेलं संग्रहालय त्याच्या मागे कसं टिकतं? अमेरिकेत असं कोणी होतं का?
— एक शिक्षक, चाळीसगाव

उत्तर : गुरुजी, तुमच्या प्रश्नाने मला आनंद झाला. मूस १९८९ मध्ये गेले, आणि त्यांच्या टेबलावर मांडून टिपलेल्या छायाचित्रांपुढे मी आजही फार वेळ उभी राहते.

अमेरिकेतले तसे दोघे सांगते. चार्ल्स विल्सन पील हा चित्रकार, वॉशिंग्टनच्या सैन्यात लढलेला. त्याने १७८६ मध्ये फिलाडेल्फियात स्वतःच्या घरात संग्रहालय उघडलं. खाली पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या पेट्या आणि वर स्वातंत्र्ययुद्धातल्या माणसांची त्याने काढलेली चित्रं ओळीने. १८०१ मध्ये न्यूयॉर्क प्रांतातल्या एका शेतातून मॅस्टोडॉन या हत्तीसारख्या प्राण्याचा सांगाडा त्याने उपसून काढला आणि तोही मांडला. मुलांची नावं रेम्ब्रांट, राफाएल, टिशियन, रूबेन्स ठेवली. सरकारने संग्रहालय ताब्यात घ्यावं म्हणून त्याने खुद्द राष्ट्राध्यक्ष जेफरसनला विनवलं, पण ते झालं नाही. १८२७ मध्ये पील गेला आणि पुढच्या तीसएक वर्षांत सगळं पांगलं. पक्षी-प्राणी बार्नम आणि किंबॉल या तमाशेवाल्यांनी घेतले. सांगाडा आज जर्मनीत डार्मश्टाटच्या संग्रहालयात आहे. चित्रांचा १८५४ मध्ये लिलाव झाला.

तरी त्यातलं पुष्कळ वाचलं. एक तर फिलाडेल्फिया शहराने त्या लिलावात बरीचशी चित्रं स्वतः विकत घेतली. ती आज तिथल्या जुन्या सेकंड बँकेच्या इमारतीत लोकांना बघायला मिळतात. दुसरं, लिलावाची छापील यादी राहिली. कोणतं चित्र कोणाचं, हे ठरवायला ती यादी आणि पीलच्या डायऱ्या, पत्रं हाच आधार आहे. ते कागद अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीने जपले.

दुसरा जॉन ट्रम्बुल. त्याने शहाणपण केलं. म्हातारपणी पैशांची चणचण होती, तेव्हा त्याने आपली चित्रं येल कॉलेजला दिली आणि बदल्यात वर्षाला हजार डॉलर घ्यायचे ठरवले. करारात लिहून घेतलं की चित्रं विकायची नाहीत, विभागायची नाहीत. १८३२ मध्ये त्यांच्यासाठी वेगळी इमारत उघडली. आपल्याला तिच्याखालीच पुरावं, अशी त्याची इच्छा होती, आणि पुढे चित्रं नव्या इमारतींत हलली तेव्हा ट्रम्बुल दाम्पत्याचे अवशेषही बरोबर हलवले गेले. चित्रं आजही येलमध्ये आहेत.

पीलजवळ माणसांचं प्रेम भरपूर होतं, ट्रम्बुलजवळ लेखी अटी होत्या. तुमच्या विद्यार्थ्यांकडून एक काम करून घ्या : मूस यांना प्रत्यक्ष भेटलेली, त्यांच्याकडून फोटो काढून घेतलेली जी माणसं चाळीसगावात अजून आहेत, त्यांच्या आठवणी नाव-तारखेसह लिहून घ्यायच्या आणि एक प्रत संग्रहालयाला द्यायची.

प्रश्न : माझे वडील नंदुरबार भागात शाळेत चित्रकला शिक्षक होते. दोन वर्षांपूर्वी गेले. मोठे चित्रकार नव्हते. एक ट्रंक भरून स्केचवह्या, पत्रं, प्रदर्शनांची पत्रकं, रंगांच्या दुकानाची बिलं आहेत. भाऊ म्हणतो रद्दीत घाल. काय करू?
— एक वाचक भगिनी, शहादा

उत्तर : ताई, रद्दीत घालू नका. भावाला माझा निरोप सांगा.

जॉन सिंगलटन कोप्ली बॉस्टनचा. त्याने सावत्र भावाचं, हातात साखळी घेऊन पाळलेल्या खारीशी खेळणाऱ्या मुलाचं, चित्र काढून १७६६ मध्ये लंडनच्या प्रदर्शनाला पाठवलं आणि तिथले दिग्गज थक्क झाले. त्याच कोप्लीने एका पत्रात कळवळून लिहिलं आहे की इथले लोक चित्रकलेला सुतार, शिंपी, चांभार यांच्यासारखाच एक धंदा समजतात. आपल्याकडच्या किती ड्रॉइंग मास्तरांनी हेच मनात म्हटलं असेल! कोप्लीची ती घरगुती पत्रं लंडनच्या सरकारी दप्तरात पडून होती. १९१४ मध्ये ती बॉस्टनला छापली गेली. त्यात आईची तब्येत आहे, रंग कुठून मागवले ते आहे, घराच्या बांधकामाचा खर्च आहे. इतिहासकारांना आज सर्वांत जास्त उपयोग होतो तो याच मजकुराचा.

तुमच्या वडिलांच्या दुकानाच्या बिलांवरून कळेल की सत्तर-ऐंशीच्या दशकात शहाद्याच्या माणसाला जलरंग कुठून आणावे लागत आणि पगारातले किती पैसे त्यात जात. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्या मुलांच्या याद्या असतील, तर त्यात किती आदिवासी मुलं होती ते कळेल. ही माहिती दुसरीकडे मिळायची नाही.

आता काम. ट्रंक उघडलीत की आधी आहे तशी फोनवर फोटोत घ्या, वरून खाली. वडिलांनी जे एकत्र ठेवलं ते एकत्रच राहू द्या. तुम्हाला विषयवार लावावंसं वाटेल, पण लावू नका. टाचण्या, स्टेपलच्या पिना, रबर काढा. गंजाने आणि रबराने कागद जातो. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. ट्रंक जमिनीवर ठेवू नका, वाळवी खालून येते, आणि पत्र्याखालच्या माळ्यावरही नको, आपल्याकडचा मे महिना कागद कुरकुरीत करतो. आतल्या खोलीतलं लाकडी कपाट बरं. पावसाळ्यानंतर एकदा सगळं उघडून कसर लागली आहे का ते बघा. फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहा, बॉलपेनने नाही. ओळखणारी माणसं असतील तोवर हे करून घ्या.

एक वही करा. प्रत्येक वस्तूला नंबर, काय आहे, कोणत्या सालचं, कोणाशी संबंधित. हळूहळू होईल. झाली की तिच्या दोन झेरॉक्स काढून वेगवेगळ्या घरी ठेवा.

पुढे संग्रह द्यायची वेळ आली तर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळाशी आधी बोला. इतिहासाचार्यांच्या नावाची ती संस्था जुन्या कागदांची किंमत जाणते. कुठेही दिलंत तरी तोंडी देऊ नका. दानपत्रावर यादी जोडा, 'विकायचं नाही, विभागायचं नाही' लिहून घ्या, आणि पोच घ्या. आणि वडिलांचं पूर्ण नाव, जन्मगाव, कोणत्या शाळेत कोणत्या वर्षी होते, एवढं एका पोस्टकार्डावर लिहून मला पाठवा. मी खानदेशातल्या चित्रकला शिक्षकांची नावं लिहून ठेवते आहे, त्यांचंही लिहीन.